तुमच्या फोटोसमोर दोन मिनिटं

सर, उद्या अंधेरीच्या आपल्या ट्रेनिंग सेंटरमध्ये तुमचा फोटो लागणार आहे. हार, समई, चहा-सामोसे सगळं आहे, तुमच्या मिसेसही येणार आहेत. "तुम्ही त्यांच्या हाताखाली तयार झालात, दोन मिनिटं बोला," असं मला सांगितलंय. मी लगेच हो म्हटलं. इतक्या झटकन मी लग्नालाही हो म्हटलं नव्हतं. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, त्याआधीची चार धरली तर तेरा वर्षं मी या दोन मिनिटांची वाट बघते आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ज्यांना तो जिवंत असताना बोलता आलं, त्यांनी हा नियम खुशाल पाळावा.

ती जुलैतली दुपार तुम्हाला आठवत असेल की नाही, कोण जाणे. तुम्ही कॅप्टन, डाव्या सीटवर. मी उजवीकडे, कॅप्टन व्हायच्या रांगेतली को-पायलट. घाटकोपरवरून खाली येतोय, वायपर जिवाच्या आकांताने फिरतायत, तरी काचेवर नुसतं पाणी. आपला वेग जास्त आहे, उंची जास्त आहे, वारा मागून ढकलतोय. अशा वेळी काय करायचं ते शिकाऊ पोरांनाही पाठ असतं. उतरायचं सोडून द्यायचं, विमान वर न्यायचं, फेरी मारून पुन्हा यायचं. गो-अराउंड. दोघांपैकी कोणीही हा शब्द उच्चारला की वाद न घालता वर जायचं. तुम्ही गेला नाहीत. चाकं टेकली तेव्हा निम्मी धावपट्टी मागे पडली होती. मधल्या दिव्यांची पांढरी रांग लाल झाली, म्हणजे पुढे आता फारसं काही उरलं नाही, आणि त्या लाल दिव्यांवरच आपण कसेबसे थांबलो. मागे प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही टोपी नीट केलीत.

मग आपली गाडी साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती. मागे केबिन क्रू बसलेला, आणि तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "काय गं, पट्टी संपत आली तरी ढिम्म! कोळणीची पोर ना तू? आवाज कुठे ठेवून आलीस, बाजारात?" सगळे हसले. मीही हसले, आणि त्यासाठी मला तुमच्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग येतो. पुढच्या आठवड्यात तुमचा शेरा आला: प्रसंगी बोलत नाही, कॅप्टनपदासाठी तयार नाही. त्या एका ओळीने माझी तीन वर्षं खाल्ली. माझ्यामागून आलेले डाव्या सीटवर बसले, आणि मी त्यांना "येस कॅप्टन" म्हणत राहिले.

माझी आई अंधेरीच्या बाजारात मासे विकायची आणि बाबांची वेसाव्याला होडी होती, हे मी कधी लपवलं नाही. उलट विमानातलं निम्मं शहाणपण मला त्या होडीवर मिळालं. खाडीच्या तोंडाशी लाट फुटायला लागली की पुढच्या टोकावर उभा असलेला खलाशी "फिरव!" म्हणून ओरडायचा, आणि सुकाणूवरचे बाबा, स्वतः तांडेल, म्हणजे होडीचे कॅप्टन असून, न विचारता होडी फिरवायचे. ओरडणारा काल कामाला लागलेला असला तरी. "आदी फिरव, मंग भांड," असं बाबा म्हणायचे. तुमच्या खांद्यावरच्या चार पट्ट्यांना एवढं कधी कळलं नाही.

पण मीही सूड घेतला, सर, आणि पोटभर घेतला. आता मी ट्रेनर आहे. सिम्युलेटरमध्ये मी तुमचं लँडिंग जसंच्या तसं लावते, तोच पाऊस, तोच मागचा वारा. जो कोणी हट्टाने उतरवतो तो पट्टीबाहेर चिखलात जातो. मग मी दिवे लावते आणि गोष्ट सांगते. मी दोनदा ओरडले, गो-अराउंड, गो-अराउंड, आणि कॅप्टनने ऐकलं नाही. नाव घेत नाही, घ्यायची गरजही पडत नाही. तुमच्या हाताखाली एकदाही न उडालेली पोरंसुद्धा तुम्हाला ओळखतात ती अशी. उद्या हीच गोष्ट मी तुमच्या फोटोखाली उभी राहून, तुमच्या मिसेससमोर सांगणार होते.

आज सकाळी आई ओट्यापाशी बोंबील साफ करत होती आणि मी टेबलावर भाषण लिहीत बसले होते. काय लिहितेस म्हणाली, म्हणून तिला तुमचं ते वाक्य पहिल्यांदाच सांगितलं. वाटलं, आता तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार होईल. तिने सुरी धुतली, बाजूला ठेवली.

"मंग तू वरडलीस का नाय?"

"दोनदा."

"दोनदा वरडलीस, तर आवाज कुठं ठेवलास असं तो कसा इचारंल गो?"

आणि ती पुन्हा बोंबलांकडे वळली.

इतक्या वर्षांत हे मला एकाही शिकाऊ पायलटने विचारलं नव्हतं, कारण तुमचं ते वाक्य मी गोष्टीतून नेहमी गाळत आले. सर, मी ओरडले नव्हते. एकदाही नाही. शब्द दाताशी आला होता. तुम्ही चिडाल, हसाल, असं वाटलं आणि मी तो गिळला. ओरडणं आधी "एकदा हळूच" झालं, मग "एकदा," मग "दोनदा," आणि खोडून काढायला तुम्ही उरला नव्हतात.

तुम्हाला माफ वगैरे केलेलं नाही. चूक तुमचीच होती, आईचा उद्धार करायचा हक्क तुम्हाला कोणी दिला नव्हता, आणि हे पत्र कुठे पाठवायचं नसलं तरी ते लिहून ठेवते. पण उद्या सांगायचंच असेल तर पुरतं सांगावं लागेल, की डाव्या सीटवर एक हट्टी माणूस होता आणि उजव्या सीटवर कोणीच नव्हतं. सांगेन, असं आत्ता वाटतंय. त्या दुपारीही, आता म्हणेन, असंच वाटलं होतं.