शेळीला सांगितलेला स्वयंपाक

मामा,

तुम्ही होता तेव्हा तुम्हाला पत्र लिहायचं कधी कारणच पडलं नाही. एकाच घरात राहणाऱ्या सासऱ्याला कुणी पत्र लिहितं का? आणि लिहिलं असतं तरी तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुम्ही ते पारावर नेऊन कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घेतलं असतं आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या वडगावात माझी शोभा झाली असती. आता ती भीती उरली नाही. मी दौंडात दोन खोल्यांत एकटी असते, वेळ रग्गड आहे, आणि समोर बोलायला कुणी नाही. सासऱ्याला मामा म्हणायची आपली रीत, पण तशी हाक मी तुम्हाला तोंडानं मारत नव्हते. कागदावर मारायला सोपी जाते, एवढं खरं.

मी तुमच्या घरी आले तेव्हा सासूबाईंना, आमच्या आत्याबाईंना, जाऊन वर्षही झालं नव्हतं. वर्षाच्या आत लग्न उरकायचं म्हणून सगळी घाई. लाजायचं कशाला, सरळच म्हणते, घरात बाई उरली नव्हती आणि तुम्हा दोघा बापलेकांना भाकरी थापायला माणूस हवं होतं. आणि आली कोण, तर मी! दौंडच्या रेल्वेच्या चाळीत वाढलेली, दहावी झालेली, स्टोव्हवर पोळ्या लाटणारी. आमच्याकडे रोज संध्याकाळी आई मंडईतून पिशवीभर भाजी आणायची. तुमचं घर गावापासून लांब माळावर, विहिरीला पाणी दिवाळीपर्यंत. त्यानंतर भाजी म्हणजे बाजाराच्या दिवशी शिरूरहून येईल तेवढीच, दोन दिवसांत संपणारी. बाकी आठवडा उतरंडीतल्या मडक्यांवर काढायचा. बाजरी, हुलगे, मटकी, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, चिंच, गूळ, लाल मिरच्या. पहिल्या दिवशी मी एकेका मडक्यात डोकावून पाहिलं आणि मला प्रश्न पडला, यात स्वयंपाक कुठला आहे? हे तर सगळं वाण्याचं दुकान आहे.

त्यात तुमचे चिरंजीव पाटसच्या साखर कारखान्यात हंगामी कामाला. गळीत सुरू झालं की ते तिकडंच खोली करून राहायचे, आठवड्यातून एकदा तोंड दाखवायला यायचे. घरात राहिलो तुम्ही आणि मी. आणि तुमच्या-माझ्यामध्ये माझा डोक्यावरचा पदर आणि स्वयंपाकघराचा उंबरा. सून आत असताना सासऱ्यानं आत यायचं नाही, तिच्याशी थेट बोलायचं नाही, तिनं तर तोंडच उघडायचं नाही. ताट मी उंबऱ्यापाशी ठेवायची, बांगड्या वाजवायची आणि मागं सरायची. तुम्ही खोकून यायचा, ताट उचलून ओसरीवर न्यायचा. हे असं रोज. मी चाळीतली, जिथं एका घरातली फोडणी चार घरांत कळायची आणि चारी घरांतून त्यावर मतं यायची. तुमच्या घरातली ती शांतता मला खायला उठायची.

मग एक दिवस ओसरीवरून तुमचा आवाज आला. "म्हातारे, पीठ जुनं झालंय बग. त्याला विरी न्हाई राह्यली. उकळतं पानी घालून मळलं, तर भाकर तुटायची न्हाई." माझ्या अंगावर काटाच आला. मला वाटलं, तुम्ही गेलेल्या आत्याबाईंशी बोलताय. दाराच्या फटीतून पाहिलं तर तुम्ही ओसरीच्या खांबाला बांधलेल्या शेळीपुढं उकिडवे बसलेले आणि ती कान हलवत तुमच्याकडं बघतेय. पण रोख कुणावर होता ते मला कळलं. परातीत तुटलेल्या भाकरीचे तुकडे पडलेले होते, आणि आदल्या दिवशीही तुम्ही तुकडेच खाल्ले होते. मी मुकाट्यानं पाणी उकळायला ठेवलं. त्या दिवशी माझी पहिली अख्खी भाकरी तव्यावर पडली.

तिथून तुमची शाळा सुरू झाली. तरुणपणी तुम्ही मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेले, तीन दगड मांडून मिळेल ते शिजवून खाल्लेलं. ते सगळं शेळीला सांगायला लागलात. हुलगे आधी भाजून घ्यावेत, मग दळावेत. कालवण कमी पडतंय वाटलं तर त्यात थंड पाणी ओतू नये, आधण ओतावं आणि वर शेंगदाण्याचं कूट लावावं. शेंगोळ्यांचं तुम्ही सकाळी सांगितलंत आणि मी निम्मंच ऐकलं. हुलग्याच्या पिठाचे ते वळलेले तुकडे मी पाणी उकळायच्या आतच सोडले. सगळं विरघळून पातेल्यात नुसती पेज झाली. तशीच ताटात वाढली, दुसरं काय करणार? तुम्ही ओसरीवर भुरके मारून संपवलंत आणि म्हणालात, "म्हातारे, आज माडगं झ्याक झालंय. लई दिसानं खाल्लं. शेंगोळं करायचं आसंल, तर पानी आदी खळाखळा उकळाय पायजे, पन ते पुन्यांदा कवातरी." आत मी पदराचा बोळा तोंडात धरून हसत होते. लग्न झाल्यापासून तुमच्या घरात मी पहिल्यांदा हसले, मामा.

तुम्ही काही देवमाणूस नव्हता, हेही लिहून ठेवते. तुमचा हात मिठाला सैल आणि राग नाकाच्या शेंड्यावर. एकदा मी उरलेली शिळी भाकरी नेऊन शेळीपुढं टाकली आणि तुम्ही नेमके तेव्हाच दारात. आता रागवायचं कुणाला? तुम्ही शेळीलाच फैलावर घेतलंत. "खाती काय भवाने? मानसाचं अन्न हाय ते! कांदा-लसून परतावा, भाकर कुस्करून टाकावी, पान्याचा हबका मारून झाकन ठिवावं. येक येळ निघती मानसाची!" शेळी बिचारी चावत चावत तुमच्याकडं बघत राहिली. मी मात्र चुलीपुढं बसून रडले. रागावलात म्हणून नाही रडले. रागवायलासुद्धा तुम्हाला माझं तोंड चालत नव्हतं, म्हणून रडले.

त्या थंडीत मला दिवस गेले. पोटात काही ठरेना, फोडणीचा वास आला की उमळून यायचं. घरी असते तर आईनं जवळ बसून पाठीवरून हात फिरवला असता. इथं बसणार कोण? एके दुपारी मी चार लुगडी पिशवीत भरली. तुमचा मुलगा आला की त्याला सांगणार होते, मला दौंडला सोडा आणि न्यायला येऊ नका. मला कामाचं दुःख नव्हतं, खाण्याचंही नव्हतं. दिवस उगवून मावळायचा आणि माझ्याशी म्हणून कुणी एक शब्द बोलायचं नाही, याचं होतं. अशा घरात मी मूल कसं वाढवणार होते? पिशवी उशाशी घेऊन पडून राहिले. उन्हं उतरली तरी चूल पेटवली नाही.

तुम्ही रानातून येता. खोकता. भांडं वाजत नाही, धूर दिसत नाही. "म्हातारे," तुम्ही शेळीला म्हणता, "आज चूल न्हाई पेटली." मी बांगडीही वाजवत नाही. थोड्या वेळानं, "सूनबाईला बरं न्हाई वाटतं." त्या दिवशी मला तुमचा, तुमच्या शेळीचा, सगळ्याच घराचा राग आलाय. मग उंबऱ्यावर तुमचे पाय दिसतात. तुम्ही मान दुसरीकडं वळवून आत येता, चुलीत काटक्या सारता, फुंकता. उतरंडीची मडकी एकेक करून खाली काढून ठेवता आणि सगळ्यांत तळातल्या मडक्यातून फडक्याची एक पुरचुंडी काढता. मी डोळे किलकिले करून बघतेय. तेलात काहीतरी पडतं, लसूण पडतो, आणि नवल म्हणजे मला त्या वासानं मळमळत नाही.

ताट तुम्ही माझ्या हाताशी आणून ठेवलंत. "पोरी, ऊठ. दोन घास खा." इकडं तिकडं पाहून मी खात्री केली. शेळी बाहेर होती. "तुज्या सासूनं घातल्यालं सांडगं हायती, गेल्या उन्हाळ्याचं. येवढंच राह्यलं व्हतं. ठिवून ठिवून त्यास्नी किडं लागत्याल, त्यापरीस तू खा." एवढं बोललात आणि उंबऱ्यावर माझ्याकडं पाठ करून बसलात. आत्याबाईंनी हरभऱ्याची डाळ वाटून, चिमटीनं एकेक सांडगा तोडून बाजेवर वाळवलेला असणार. हा आपला शेवटचा उन्हाळा, हे त्यांना तरी कुठं ठाऊक होतं? त्या गेल्यापासून तुम्ही ते कुणाला दाखवले नव्हते, मुलालाही नाही. रस्सा नेहमीसारखा खारट होता. मी ताट पुसून खाल्लं, आणि ते पोटात राहिलं. तुमच्या पाठीकडं बघत जेवताना मला वाटलं, आपल्याला कुणीतरी आहे. दुसऱ्या दिवशी लुगडी पिशवीतून काढून पुन्हा दांडीवर टाकली. आणि तुम्ही? सकाळी उठून परत शेळीपुढं. "म्हातारे, मटकी भिजाय घालाय पायजे." जसं काही झालंच नव्हतं!

मुलगा झाला आणि पुढं शेळीच्या जागी नातू बसला. "तुज्या आईला म्हनावं" असं तुम्ही सुरू करायचा, आणि तो तिथूनच ओरडून मला सांगायचा, जे मला आधीच ऐकू आलेलं असायचं. माझंही उत्तर त्याच वाटेनं परत. गावात पोरींनी पदर सोडले, सासऱ्याशी चहा पीत गप्पा मारू लागल्या. आपण दोघं मात्र आपल्या जुन्या सवयीत अडकून बसलो. सुरुवात कुणी करायची, एवढाच प्रश्न राहिला असावा. मग तुमचे डोळे गेले आणि तुम्ही खाटेला खिळलात. शेवटच्या आठवड्यात एकदा मी ताकातल्या कण्या भरवायला बसले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. तुम्ही हवेत हात फिरवलात. "पोरी, हायेस का?" आता इथं बांगड्या वाजवून भागणार नव्हतं. मी म्हटलं, "हाय, मामा." तुम्ही मान हलवलीत आणि तोंड उघडलंत पुढच्या घासासाठी. आयुष्यात आपण समोरासमोर बोललो ते एवढंच. बाकीचं आज लिहितेय.

तुमच्यानंतर आम्ही मुलाच्या शाळेसाठी दौंडला आलो. तुमचा मुलगाही आता राहिला नाही, त्याला तीन वर्षं होत आली. तुमची त्याची भेट झाली असेल तर त्यानं सांगितलंच असेल. नातू कोरेगाव भीमाला कंपनीत आहे, सूनही तिथंच नोकरी करते. गुणी पोरगी आहे, मला आई म्हणते, फोनवर "आई, आज काय केलं?" असं मोकळं विचारते. तिला कुठलीच शेळी लागत नाही, याचं मला फार बरं वाटतं. पण फोन दोन मिनिटांत संपतो. मग मी आणि डबे. घरात सगळं भरून आहे, हुलगे, मटकी, डाळी, कूट. एका माणसाचं कालवण मला करता येत नाही, मामा. कितीही कमी घेतलं तरी पातेलं भरतंच. तुम्ही शेळीला एवढं सगळं सांगितलंत, पण एकट्या माणसानं किती शिजवावं ते काही सांगितलं नाहीत. मग बरेचदा चहा आणि खारी खाऊन निजते.

हे पत्र टाकायचं कुठं, असा प्रश्न नाही. टाकायचंच नाही. पण एवढं लिहिलं आहे तर आजचंही सांगते, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. आज रविवार. दोघं जेवायला येणार होती. मुलाला मोडाच्या मटकीचा रस्सा लागतो, आणि मोड काही मागितल्याबरोबर येत नाहीत. मी शुक्रवारीच मटकी भिजवून फडक्यात बांधली होती. सकाळी रस्सा गॅसवर रटरटत असताना त्याचा फोन आला. ओव्हरटाइम लागला होता. त्याचा आवाज अगदी पडलेला होता. "आई, तू सगळं करून बसली असशील ना?" मी आधी हात लांब करून गॅस बंद केला, त्याला उकळी ऐकू जाऊ नये म्हणून. आणि म्हटलं, "नाही रे. अजून काही भिजवलंसुद्धा नव्हतं."