विहीणबाईंचा ढेकर

२ मार्च, सकाळ
सूनबाई, कालची रोजनिशी वाचून दाखव म्हटलं, तर वही कुठे ठेवली तेच तुला आठवेना. शेवटी पिठाच्या डब्यावर सापडली. मला लिहिता-वाचता येत नाही, पण डोकं शाबूत आहे. हेही लिही. हसू नकोस, हात हलतो.

रविवारी माझ्या नातीची, चिमणीची, होणारी सासू जेवायला येणार, आणि लग्नाची तारीखही तेव्हाच ठरणार. चिमणीने मला बाजूला घेऊन बजावलं : त्यांच्यात जेवताना ढेकर म्हणजे असभ्यपणा. चुकून आलाच तर देणारा माफी मागतो, बाकीचे ऐकूच न आल्यासारखे ताटात बघतात. मी म्हटलं, मला मुळात ढेकर येतच नाही.
सूनबाई लिहायची थांबली. लिही.

३ मार्च
ढेकर द्यायचे ते आमचे हे. हात धुण्याआधी एक, लांबलचक. शेजारचं कुत्रं भुंकायचं. भाजी चांगली झाली असं जन्मात कधी म्हणाले नाहीत. ढेकरावरून मीच काय ते समजायचं. ते गेल्यापासून टेबलावर शांतता आहे. बरं आहे. जेवणाला चव लागत नाही, पण तो नव्या शेगडीचा दोष. बाकी मला काही वाटत नाही.

४ मार्च
आजपासून सोडा बंद. मुळा बंद. घास लहान.
दुपारी ढेकर आले. बाटली उघडलेली होती, ती काय ओतून द्यायची?

६ मार्च, दुपार
सराव केला. चिरंजीवांना मुद्दाम ढेकर द्यायला लावलं आणि मी ताटात बघितलं. म्हणाले, आई, तुझा चेहरा अगदी दगडासारखा होतो. म्हणजे जमलं.

८ मार्च, रविवार, संध्याकाळ
फत्ते. आत्ताच गेल्या.

विहीणबाई चष्म्याच्या दुकानात काम करतात. चमचासुद्धा भिंग पुसावं तसा पुसून घेतात. पोटभर जेवल्या. मग पाण्याचा ग्लास खाली ठेवला, ताठ बसल्या आणि ढेकर दिला. लहानसाच, पण स्वच्छ. आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

मी ताटात. पापणीसुद्धा हलवली नाही. माझं बघून सगळेच ताटात. कोणी चमचा वाजवला नाही. विहीणबाई लाल झाल्या, माफी मागितली, गोड न खाताच उठल्या. तारखेचं बोलणं राहिलं. त्यांना लाज वाटली असणार, पण मी त्यांची अब्रू सांभाळली. असं वळण हल्ली कुठे बघायला मिळतं?

९ मार्च
चिमणी माझ्याशी बोलत नाही. ऑफिसचा ताण असेल.

१० मार्च, सकाळ
ऑफिसचा नव्हता. चिमणी समोर बसली आणि म्हणाली, "आजी, त्यांना येत नव्हता ढेकर. आठवडाभर आरशासमोर सोडा पिऊन शिकल्या. आजोबा तुला तशी पावती द्यायचे, हे माझ्याकडून ऐकून विहीणबाईंना त्यांच्या मुलाने सांगितलं होतं."

मी विचारलं, मग तारखेचं काय. म्हणाली, त्या म्हणतात सध्या राहू दे. तुमच्या आजींना मी काही पसंत दिसत नाही.

मी म्हटलं, मी तर त्यांच्याच रीतीने वागले. चिमणी म्हणाली, हो ना, आणि त्या तुझ्या.
सूनबाई, तुझं पेन चालतं आहे ना? मग लिही. मला काही वाटलं नाही.

११ मार्च, दुपार
घरी एकटीच जेवले. शेवटी ढेकर आला, लांबलचक. कुत्रं भुंकलं. टेबलावर कोणी नव्हतं. तशीच बसून राहिले, सूनबाई येईपर्यंत. भात ताटात वाळला.
चव अजून लागत नाही. शेगडीचा दोष नसावा.

सूनबाई, वही मिट आणि हे मात्र विसरू नकोस. उद्या विहीणबाईंकडे मुळ्याची भाजी पाठवायची, मोठ्या डब्यात. डबा घेऊन मी जाणार आहे आणि तिथेच जेवणार आहे, तेव्हा दोघींना पोटभर होईल एवढी कर.