पेटी शांत आहे

पारोळा,
चैत्र संपता संपता

ती. नानांना लीलाधरचा साष्टांग नमस्कार.

साक्रीला गुडघा कसा आहे? आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे माणसं तरी आहोत. फोन न करता पत्र लिहितोय, कारण तुम्हाला ऐकू येईल एवढं ओरडलं की सगळ्या गल्लीला कळतं, आणि हा विषय गल्लीचा नाही.

दिवाळीत तुम्ही आम्हा दोन्ही जावयांना सातेरी मधमाश्यांची एकेक पेटी दिलीत आणि म्हणालात, "ज्यान्या माश्या टिकतीन, त्याना घर मी ऱ्हाले येसू." तुम्ही हसत म्हणालात, पण मी आणि साडू पंडितराव हसलो नाही. तेव्हापासून ते भडगावहून रोज व्हिडिओ पाठवतात. त्यांच्या माश्या पायांना पिवळेधमक पराग लावून पेटीत शिरतात, हळदीहून आल्यासारख्या. (गिरणेचं पाणी आहे हो त्यांच्याकडे.) माझ्या मात्र पेटीच्या दारात बसून नुसत्या पंख हलवायच्या. मी धास्तावलो. पेटीवर ओलं गोणपाट टाकलं, साखरेचं पाणी ठेवलं, तर मुंगळे जमले. मुंगळ्यांसाठी पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, तर शेजारच्या फारुखभाईंच्या कोंबड्या प्यायला येऊ लागल्या. पेटीला कान लावून गुणगुण ऐकल्याशिवाय मला घास जात नसे. तुमची दिपमाला म्हणायची, माझ्या तापात कधी एवढी चौकशी केली नाही.

तिचंही खरं आहे. पण मी घाबरत होतो ते मधासाठी नव्हे. सासूबाई गेल्यापासून तुम्ही तिकडे एकटे, आणि ही इकडे रोज एक भाकरी उगाच जास्त टाकते. तुम्ही भडगावला गेलात तर मला फार वाईट वाटेल.

असो. पंडितरावांच्या पेटीशी तुलना केली, तर आमची सध्या अगदी शांत आहे. एकही माशी चिडलेली नाही, कुणाला चावत नाही. काळजी नसावी.

आपला,
लीलाधर

ता. क. पेटी शांत आहे, कारण आत कुणी नाही. मंगळवारी दिपमालानं अंगणात काळ्या मसाल्याच्या मिरच्या भाजायला घेतल्या. सगळी गल्ली खोकली, फारुखभाई डोळे पुसत बाहेर आले, आणि माश्या घोळक्यानं उठून त्यांच्या पत्र्यावरून निघून गेल्या. मी त्यांच्यामागे अनवाणी किल्ल्यापर्यंत पळालो. (लोकांना वाटलं, घरात भांडण झालं.)

ता. क. दुसरा. तिला रागावू नका. मसाला ती यंदा दुप्पट करत होती, तुम्ही राहायला येणार म्हणून. आता बरणीजवळ बसून विचारते, "माश्या गयात, आते नाना बी येवाव नहीत का?" आखाजीच्या सणाला ती माहेरी येईल, तेव्हा परतताना तिच्यासोबतच या. पंडितराव जिंकले म्हणून सांगा, हवं तर आमची पेटीही त्यांना देऊन टाका. तुम्ही तेवढे आम्हाला द्या.