बैल न पाहिलेला लेखक

तांडा, साखरा
१२ ऑगस्ट २००१

चि. सौ. शिवकन्या हिस प्रेमदासदादाचे अनेक आशीर्वाद. जय सेवालाल.

आम्ही सर्व खुशाल. आईचा गुडघा दुखतो, पण म्हणून ती घरात बसत नाही. माझं अंतराळाचं पुस्तक, कव्हर फाटलेलं, तुझ्या लग्नाला चार वर्षं झाली तरी परत आलेलं नाही. वसमत काही चंद्रावर नाही.

परवा टीव्हीवर परग्रहावरची माणसं उतरली. अंगात बँडवाल्यांसारखे चंदेरी कोट, आणि उतरल्या उतरल्या हिंदी सुरू! शास्त्रज्ञ म्हणजे पिंजारलेले केस आणि बाटलीत उकळणारं रंगीत पाणी. मी अकरा वर्षं विज्ञान शिकवतोय, आमच्या प्रयोगशाळेत उकळायला साधा स्टोव्ह नाही.

त्यावर कडी म्हणजे दर गुरुवारी रेडिओवर लागणारी 'यान क्रमांक सात' ही श्रुतिका. चाळीस वर्षांचा प्रवास, दोनशे माणसं, आणि तीन भाग झाले तरी कुणाला तहान लागलेली नाही. आपल्या आजोबांचा तांडा बैलांवर मिठाची पोती लादून निघायचा तेव्हा पाणी शोधणारा माणूस एक दिवस पुढं जायचा. लेखक कुणी 'ध्रुव' म्हणून आहे. त्यानं जन्मात बैल पाहिलेला नसावा. रेडिओच्या पत्त्यावर त्याला कार्ड टाकलं आहे, चांगलं झणझणीत.

विकासरावांना नमस्कार. लोभ ठेव, पुस्तक ठेवू नकोस.

तुझा
प्रेमदासदादा


वसमत
२१ ऑगस्ट २००१

सौ. मिनावहिनींस शिवकन्याचा सप्रेम नमस्कार.

पत्र इकडे आलेल्या आपल्या तांड्यावरच्या जिवनबाईंच्या हाती देते आहे. पोस्टानं आलं तर दादा तुमच्याआधी फोडेल.

वहिनी, तो बैल न पाहिलेला लेखक म्हणजे मी. उन्हाळ्यात लिहून पाठवलं, त्यांनी तेरा भाग मागितले. टोपणनाव यांनी सुचवलं. दादाचं कार्ड रेडिओवाल्यांनी माझ्याकडेच धाडलं. लेखकानं लेखणी ठेवून साखर कारखान्यावर ऊस मोजावा, असं त्यात आहे. यांची नोकरी कारखान्यातच, त्यामुळे हे पोट धरून हसले. मला रडू आलं. शेतातल्या माळ्यावर बसवून दादानंच मला ग्रह पाठ करायला लावले, हे वाचायचं वेडही त्यानंच लावलं. त्याला आवडलं नाही तर बाकीच्यांचं कौतुक घेऊन मी काय करू? पण बहिणीचं म्हणून गोड मानून घेतलेलंही मला नको. आधी त्याला आवडू दे, नाव मग सांगेन. तोवर तुमच्या तोंडाला कुलूप.

पाण्याची चूक मात्र त्यानं नेमकी धरली. ती सुधारते.

पुस्तकाचं तुम्हाला ठाऊकच आहे. लग्नात रीतीप्रमाणे मला बैलाच्या पाठीवर उभं केलं, आणि माहेराला आशीर्वाद देत रडत गाता गाता मी गाण्यातच दादाला बजावलं की पुस्तक परत मागू नकोस. सगळा तांडा रडता रडता हसला होता. तरी हा मागतोच.

आईच्या गुडघ्याला हळदीचा लेप लावा. माया आहे तशीच असू द्या.

तुमची
शिवकन्या


तांडा, साखरा
२८ सप्टेंबर २००१

चि. सौ. शिवकन्या हिस आशीर्वाद.

माझं कार्ड लागू पडलं! यान क्रमांक सातच्या पुढं आता पाणी शोधायला एक छोटं यान जातं. म्हणजे ध्रुवरावांना शिकवावं लागतं. पण दोनशे माणसांत अजून एकही म्हातारी नाही. मग भांडणं मिटवणार कोण? तसं दुसरं कार्ड टाकलं. मी श्रुतिकेला नावं ठेवू लागलो की मिना चुलीपाशी जाऊन हसते. तिला विज्ञानाचं वावडंच आहे.

मी ऐकतो ते केवळ चुका काढायला. काल सेनगावहून येताना जीप चुकली, तेव्हा शेवटचं अंतर मी चाललो नाही, पळालो. हे कुणाला सांगू नकोस. पुस्तक?

लोभ आहेच.

प्रेमदासदादा


वसमत
१० ऑक्टोबर २००१

ती. दादास शिवकन्याचा साष्टांग नमस्कार.

पुस्तक शोधते आहे. अठरा तारखेच्या गुरुवारी त्या श्रुतिकेचा शेवटचा भाग आहे. तो एकट्यानं ऐकू नकोस, आईला आणि शेजारच्या बायकांना बसव. आणि कसा वाटला ते लगेच लिही. गोड नको, खरं लिही. मी वाट पाहते आहे.

तुझ्या मायेची
शिवकन्या


तांडा, साखरा
१९ ऑक्टोबर २००१

चि. सौ. शिवकन्या हिस.

आशीर्वाद नंतर, आधी भांडण.

तू सांगितलंस म्हणून आई, जिवनबाई, रूपाबाई आणि निम्मा तांडा अंगणात बसवला. हे सगळं खोटं असतं, कुणी मनावर घेऊ नये, असं मी बजावलंही. मग छोट्या यानातून एक पोरगी कायमची पुढं निघाली आणि दारात उभी राहून मागच्यांना आशीर्वाद देत गाऊ लागली. चाल आपल्या तांड्याची. ध्रुवनं ती कुठून तरी चोरली, असं मी सगळ्यांना सांगतोय तोच ती गाण्यात भावाला म्हणाली की वाचायला दिलेलं पुस्तक परत मागू नकोस.

मिना माझ्याकडेच बघत होती. मला घाम फुटला, मग डोळ्यांतून पाणी आलं.

पुढचं काही ऐकूच आलं नाही. निरोपाचं गाणाऱ्या लेकीला एकटीला रडू द्यायचं नाही, ही आपल्या बायकांची रीत. रूपाबाईंनी सूर धरला, आई त्यात मिळाली, जिवनबाईंनी तर रेडिओच्याच गळ्यात पडून हंबरडा फोडला. शेवट ऐकू द्या म्हणून मी ओरडलो, तर आईनं मलाच झापलं की पोरगी जाऊन राहिली आन् तुला काहून शेवट पायजे. बायका गप्प झाल्या तोवर बाजारभाव लागले होते.

दोन्ही कार्डं मी मागं घेत नाही. पाण्याची चूक ही चूकच होती, आणि मधलं संगीत भिकार आहे, सांग त्यांना. ऊस मोजण्याचं तेवढं मागं घेतो. खरं लिही म्हणालीस ना? आवडलं. बहीण म्हणून नव्हे, तू आहेस हे ठाऊक नसतानाच आवडलं, म्हणून तर पळत आलो होतो.

पुस्तक तुझ्याकडेच राहू दे. शेवट काय झाला ते मात्र लगेच कळव. ती पोरगी परत येत नसेल, तर आणखी एक भाग लिही आणि तिला दिवाळीला माहेरी आण.

तुझा
दादा