व्हरांड्यातल्या चार फेऱ्या

वर्धा, मार्च १९८५

दादा,

तुह्या धुरपताचा नमस्कार.

"पोरीच्या, कोकिळेच्या लग्नाले तू नको येऊ, तुले त्रास होईन," असं तू लिहिलं. मी लय रडली. या मल्टिपल स्क्लेरोसिस नावाच्या नसांच्या दुखण्यानं पाय जड झाले, हे खरं हाय. पण आज दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं माह्यं चालणं मोजलं. मागच्या पावसाळ्यात वीस मीटरवरच मी खाली बसली होती. आज काठी टेकत व्हरांड्यात चार फेऱ्या, पुरे शंभर मीटर, न थांबता चालली!

बाई म्हणे, "आता तरी थांबा, मोजून मीच दमले!" आम्ही दोघी हासतच राह्यलो.

देवळीच्या स्टँडपासून तुहं घर तेवढंच दूर हाय. हे पत्र टाकत नाई. मीच येऊन राह्यली.

तुही धाकली,
धुरपता