चार आठवडे कमी

११ जानेवारी, शनिवार. आठवडा २७.

आलो एकदाचे. चिखलोलीहून सकाळी टॅक्सी केली, वाटेत उल्हासनगरला राजरत्नच्या आईंकडून डबा घेतला आणि अकराला मुंबईच्या धक्क्यावर पोचलो. जहाज फोटोतल्यापेक्षा मोठं आहे. खोली सातव्या मजल्यावर, भिंतीएवढी खिडकी. राजरत्न बूट न काढताच पलंगावर आडवा झाला आणि छताकडे बघून हसत राहिला.

ही वही बदलापूरच्या डॉक्टर मॅडममुळे. रोज जेवणानंतर बाळाच्या लाथा मोजायच्या आणि लिहायच्या. दोन तासांत दहा व्हायला हव्यात. आजच्या दहा अठ्ठावीस मिनिटांत झाल्या.

जहाजाचा नियम असा की चोवीस आठवड्यांच्या पुढच्या बाईला घेत नाहीत. मॅडमनी सर्टिफिकेट द्यायला नकार दिला. पण राजरत्नच्या कंपनीने, अंबरनाथ एमआयडीसीत फर्निचरचा गोंद बनवतात ते, टार्गेट पुरं केल्याबद्दल ही सहल दिली आहे. सहा रात्री, नवराबायको, डीलर लोकांबरोबर. लग्नाला चार वर्षं झाली, आम्ही कुठे गेलो नाही. शेवटी उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातल्या, आईंच्या ओळखीच्या एका डॉक्टरने लिहून दिलं : तेवीस. मी कां-कूं करत होते तेव्हा आई म्हणाल्या, अगं चार आठवडे कमी लिहिले म्हणून पोर काय मागे जाणार आहे? सगळे हसलो. मीही.

काउंटरवरच्या मुलीने कागद वाचला, माझ्या पोटाकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला आणि शिक्का मारला. अट एकच, रोज सकाळी जहाजाच्या दवाखान्यात दाखवून जायचं.

१२ जानेवारी, रविवार. आठवडा २७.

दिवसभर पाणी. जमीन कुठेच नाही. मला वाटलं होतं तसं भीतिदायक नाही, नुसतं सपाट आहे.

नाश्त्याला कंपनीचे चाळीस जण. आमच्या टेबलावर उल्हासनगरचे धर्मेशभाई आणि त्यांची बायको पायल. फर्निचर बाजारात त्यांचं गोंदाचं दुकान आहे. धर्मेशभाईंनी माझ्या ताटात न विचारता दोन पराठे टाकले. भाभी, इधर डबल खाना फ्री है, आणि तुमचा तर हक्कच आहे. पायल म्हणाली, मुलगी झाली तर तिचं नाव सागरिका ठेवा, आम्हा सिंधी लोकांत समुद्राला मान असतो.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई पन्नाशीच्या, बोलक्या. त्यांनी टेप काढली. पोट मोजलं. तेवीस, म्हणाल्या, अगदी कागदाप्रमाणे. माझ्या कार्डावर लिहिलं. मी सुटले म्हणून बाहेर आले. टेप ताणून धरली असावी.

पायांची सूज गेली आहे. महिनाभर बोटात रुतलेली अंगठी आंघोळीत आपोआप निघाली. दहा लाथांना एक तास चाळीस मिनिटं लागली. हळू होत्या.

१३ जानेवारी, सोमवार. आठवडा २७.

गोव्यात उतरायचं होतं. उतरले नाही.

सकाळी डॉक्टरबाईंनी कार्डावर १९ लिहिलं. मी म्हटलं, चूक झाली, काल तेवीस होते. त्यांनी फाइल उघडून माझं सर्टिफिकेट समोर धरलं. निळी शाई, तेच उजवीकडे कललेलं अक्षर, खाली तीच सही. एकोणीस. मी राजरत्नला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, एकोणीसच की. आपणच आणलं ना जाऊन? मग माझ्याकडे बघून, काय गं, झोप झाली नाही का?

तेव्हाच उतरायला हवं होतं. खाली शिडी लागली होती, लोक टोप्या घालून उतरत होते. पण दुपारी वरच्या डेकवर कंपनीचा कार्यक्रम होता, राजरत्नला ढाल मिळणार होती. आणि खरं लिहायचं तर मला बरं वाटत होतं. दोन महिन्यांनी पाठीवर झोपले. लिफ्ट सोडून चार जिने चढले, धाप लागली नाही. फोटोत मी हसते आहे.

दोन तास बसून मोजलं. लाथा नाहीत. पाण्यात बोट फिरवावं तसं काहीतरी, तीनदा.

१४ जानेवारी, मंगळवार. आठवडा

मथळ्यात काय लिहायचं कळत नाही. कार्डावर १५ आहे.

नवा कुर्ता अंगावर पोत्यासारखा लोंबतो. जेवणाच्या हॉलमध्ये पायलने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, भाभी, बेबीला घरी ठेवून आलात काय? टेबल हसलं. राजरत्नही. मग ती सगळ्यांना तिळाचे लाडू वाटत पुढे गेली.

आमच्या घरात भूतबीत, नजर, उतारा असल्या शब्दांना बंदी होती. सासरे रामभाऊ शेजारच्या अंगणवाडीतल्या पोरांनासुद्धा सांगायचे, भीती वाटली तर मोजा. मोजता आलं तर ती वस्तू आहे, नाही आलं तर वारा आहे. मी मोजलं. ओढणी दुहेरी करून पोटाभोवती धरली. घरून निघताना जिथे टोकाला टोक भिडत होतं तिथे आता वीतभर ओढणी उरते.

म्हणजे वस्तू आहे.

हिशेबही सरळ आहे. सत्तावीस, तेवीस, एकोणीस, पंधरा. रोज चार. आपण कमी केले तेवढेच. उद्या अकरा, परवा सात. शुक्रवारी सकाळी जहाज मुंबईला लागेल तेव्हा तीन.

तीन उरतील. तीन म्हणजे शून्य नाही. जमिनीवर पाय ठेवला की हे थांबेल असं मी धरून चालले आहे. दुसरं काही धरता येत नाही.

लाथा नाहीत.

१५ जानेवारी, बुधवार. कार्डावर ११.

पहाटेपासून उलट्या. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येतो आणि पोट ढवळतं, तिसऱ्या महिन्यात ढवळायचं तसंच. सगळे म्हणतात, बोट लागली. धर्मेशभाईंनी आल्याच्या गोळ्या पाठवल्या.

समोर लक्षद्वीपचं एक बेट. जहाज आत जात नाही, लहान होड्यांतून नेतात. मी बॅग घेऊन रांगेत उभी राहिले. तिथे दवाखाना असेल, विमान असेल, काहीही असेल. होडीवरच्या माणसाने यादी पाहिली. गरोदर बाईला होडीत बसवत नाही, मॅडम, नियम आहे. मी ओरडले. मागचे लोक बाजूला झाले.

मग दवाखान्यात जाऊन सगळं कबूल केलं. सर्टिफिकेट खोटं होतं, मला सातवा महिना होता, आठवडे आम्ही कमी करून घेतले, शिक्षा करा, दंड करा, पण कागदावर खरं लिहा. डॉक्टरबाईंनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, कुठलं सर्टिफिकेट? अकराव्या आठवड्याला कागद मागतच नाहीत आम्ही. फाइल दाखवली. त्यात कागद नव्हता.

संध्याकाळी राजरत्न जवळ येऊन बसला. हळू बोलत होता, प्रेमाने. म्हणाला, सुनेत्रा, रांगेत ओरडलीस ते बरं नाही केलं. अजून कोणाला सांगायचं नसतं. तीन महिने तरी पुरे होऊ देत.

१६ जानेवारी, गुरुवार. ७.

पोट सपाट. छाती दुखते. ते दुखणं मला हवं आहे, मी मुद्दाम दाबून बघते.

मोबाइलमधला पाचव्या महिन्याचा सोनोग्राफीचा फोटो. नाक दिसत होतं, मूठ दिसत होती. आता काळ्या चौकोनात तांदळाचा दाणा. दुपारी पुन्हा उघडला तर नुसता चौकोन —

डॉक्टरबाईंनी कार्ड परत घेतलं. रोज यायची गरज नाही म्हणाल्या. पाळी चुकल्याची खात्री करा, मग बघू.

राजरत्नला विचारलं, बाळासाठी पाळणा घेतला होता तो कोणत्या रंगाचा? त्याने माझ्या कपाळावर हात ठेवून ताप बघितला. मग धर्मेशभाईंकडे गेला. ते दोघं दारात उभे राहून बोलत होते. बहुत टेन्शन ली है भाभीने, असं ऐकू आलं.

पाळणा पिवळा. पिवळा. इथे लिहून ठेवते. चिखलोलीच्या घरी, खिडकीपाशी, पिवळा.

१७ जानेवारी, शुक्रवार. ३.

मुंबई दिसते आहे. इमारती, क्रेन. सकाळी सातलाच बॅग भरून दारात बसले.

नऊला घोषणा. धक्का रिकामा नाही. जहाज इथेच नांगरून राहील, उतरणं उद्या सकाळी. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. एक दिवस फुकट.

उद्या —

तीनातून चार.

फोन लागला. आईंना म्हटलं, आई, आमच्या घरी जाऊन पाळणा बघाल का, आहे ना जागेवर? त्या म्हणाल्या, कोणाचा गं? मग हळूच म्हणाल्या, चार वर्षं झाली पोरी, आता तरी मनावर घ्या दोघं. आणखी बोलत होत्या. मी फोन ठेवला.

खाली गेले. दारातला माणूस म्हणाला, किनाऱ्याला जाणारी लाँच फक्त आजारी माणसांसाठी. तुम्हाला काय होतंय? म्हटलं, गरोदर आहे. त्याने यादी पाहिली, दवाखान्यात फोन लावला. नोंद नाही, मॅडम. तुमच्याबरोबर कोण आहे?

तीन आठवड्यांचं कोणाला कळत नाही. मलाही तेव्हा कळलं नव्हतं. मी तेव्हा शाळेत पेपर तपासत होते, पावभाजी खाल्ली होती, काही कळलं नव्हतं. पण होतं. तेव्हाही ते होतंच. आत्ताही आहे. आहे. मी झोपणार नाही. झोपले नाही तर उद्या —

राजरत्नने गोळी दिली. घेतली नाही. जिभेखाली धरून — थुंकली —

डोळे —

आहे. आत्ता, हे लिहिताना, आहे.

१८ जानेवारी, शनिवार.

सकाळी जहाज धक्क्याला लागलं. ऊन छान आहे. उतरायची रांग लांब आहे, म्हणून उभ्या उभ्या लिहिते. डोकं जड आहे, पण पोट ठीक. सकाळी पाळी आली, पायलकडून पॅड घेतलं. ती म्हणाली, भाभी, पुढच्या वर्षी पुन्हा या, आणि आता दोघांचे तिघं होऊन या. राजरत्न लाजला.

डावा हात सारखा पोटाकडे जातो. चालताना मी मागे झुकते. राजरत्न म्हणाला, अशी काय चालतेस? मला माहीत नाही.

रांग पुढे सरकली. आता शिडी. काहीतरी वर राहिलं असं वाटतंय. बॅगा मोजल्या, तीन, बरोबर आहेत. चार्जर घेतला. चष्मा घेतला. खोलीत पुन्हा जाऊन पलंगाखालीही पाहून आले, काही नव्हतं. मागचे लोक चला चला म्हणतात. राजरत्न खाली पोचलाय, हात हलवतोय. मी एक पाय शिडीवर ठेवला आहे आणि दुसरा उचलतच नाही, कारण वर कुणीतरी माझं राहिलंय