बाहेर उघडणारी दारे

मी, बर्नाडीन वोय्तास, वय एक्याऐंशी, राहणार लिंकन अ‍ॅव्हेन्यू, शिकागो, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत. डोके शाबूत आहे, याचे काहींना वाईट वाटेल. याआधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. मला नवरा-मुले नाहीत. वारस एकच, भावाचा मुलगा नॉर्बर्ट. माझी मोटार त्याला द्यावी. तो ती तशीही विचारल्याशिवाय नेतो.

२. माझी इमारत म्हणजे वडिलांचे सॉसेजचे दुकान. १९७४ साली मी तिथे चोपन्न खुर्च्या मांडून नाट्यगृह केले. मांस टांगायच्या आकड्यांना आम्ही अजून दिवे टांगतो. नॉर्बर्टला तिथे व्यायामशाळा हवी आहे.
"आत्या, अगं नाटकं बघतं कोण आता?"
"तू शेवटचं कधी पाहिलंस?"
"शाळेत. मी झाड झालो होतो."
"आणि मध्यंतरात घरी पळाला होतास."

३. १९०३ च्या डिसेंबरात या शहरातल्या एका नाट्यगृहाला दुपारच्या खेळात आग लागली. कित्येक दारे उघडलीच नाहीत. सहाशेहून अधिक माणसे गेली. माझी आजी वाचली. तिची थोरली बहीण गेली. म्हणून प्रत्येक खेळाआधी मागची दोन्ही दारे मी स्वतः बाहेर ढकलून पाहते.

४. आमचा दिग्दर्शक लाइल हॅगर्टी याने १९८८ मध्ये मागच्या एका दारासमोर कपाट आणून ठेवले. मी खेळ थांबवला.
"बर्नाडीन, लोक बसलेत!"
"मग उठव. कपाट जड आहे."
प्रेक्षकांनी ते हलवले आणि टाळ्याही वाजवल्या. त्या रात्री लाइलला तेवढ्या मिळाल्या नाहीत. तेव्हापासून तो माझ्याशी चिठ्ठीने बोलतो. ते कपाट त्याला द्यावे.

५. इमारतही लाइलच्या नाटकमंडळीला द्यावी. माणूस असह्य आहे, नाटक उत्तम करतो. अट एकच: खेळ चालू असताना मागची दारे मोकळी हवीत. दहा वर्षांत एकदाही दार अडलेले सापडले, तर इमारत नॉर्बर्टची. मग खुशाल वजने उचलावीत.

६. ते शोधायचे काम नॉर्बर्टचे. दाराजवळची खुर्ची दहा वर्षे त्याच्यासाठी राखून ठेवावी, तिकीट घेऊ नये. लाइलला दुसऱ्या अंकात सामान हलवायची खोड आहे, तेव्हा नॉर्बर्टने शेवटपर्यंत बसावे. त्याच्या जागी दुसरा कोणी चालणार नाही. एका खेळाला जरी तो गैरहजर राहिला किंवा घोरला, तर त्याचा हक्क संपला.

चोपन्नातली एक खुर्ची तरी भरेल.

बर्नाडीन वोय्तास (सही)
शिकागो, सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४

आमच्यासमोर सही केली. आम्हाला यातले काही मिळणार नाही, हे बाईंनी दोनदा बजावले:
१. ओटिस ग्रेंजर, शेजारचे न्हावी (सही)
२. लुपे अरिआगा, टपालवाली (सही)